निष्ठेचे मोल

निष्ठा हा सद्गुण आहे, याविषयी सहसा कोणी वाद घालीत नाही. वाद असतो तो निष्ठा कोठे वाहावी याविषयी. परंतु जिच्या पायी ती वाहिली ती गोष्टच खोटी निघाली, तर त्या निष्ठेचे मोल काय उरते? हा प्रश्न एका व्हिडिओ गेममधील दुय्यम खलपात्राने माझ्यापुढे उभा केला, याचे वाचकांना कदाचित नवल वाटेल.

जपानच्या गोइची सुदा यांनी दिग्दर्शित केलेला ‘नो मोअर हीरोज’ हा गेम २००७ साली आला. सांता डेस्ट्रॉय या कल्पित अमेरिकन शहरात मारेकऱ्यांची क्रमवारी लावणारी एक संघटना आहे. वरच्याला ठार करावे व त्याची जागा घ्यावी, हा तिचा शिरस्ता. लढतीचे शुल्क भरण्यासाठी नायक ट्रॅव्हिस गवत कापतो, नारळ गोळा करतो! सहाव्या क्रमांकावरची होली समर्स समुद्रकिनाऱ्यावर खड्डे खणून त्याच्याशी लढते. ती हरते, पण स्त्रीला मारायचे नाही म्हणून त्याचा हात थांबतो. हरलेल्या मारेकऱ्याने मेलेच पाहिजे, असे मानणारी होली तेव्हा हातबॉम्बने स्वतःचा अंत करून घेते.

पुढे उघड होते की, अशी संघटनाच नव्हती. सिल्व्हिया नावाच्या बाईने पैशासाठी रचलेला तो बनाव होता.

मग होलीचे मरण व्यर्थ म्हणावे काय? तिचे धैर्य खोटे नव्हते. नाणे खोटे म्हणून ते कमावताना गाळलेला घाम खोटा ठरत नाही. ट्रॅव्हिसची दयाही तशी निर्मळ नव्हे. बरोबरीने लढलेल्या प्रतिस्पर्ध्याला अखेरच्या क्षणी तो केवळ ‘स्त्री’ करून टाकतो. आपापल्या नियमाचे बंदे दोघेही होते.

तरीही माझा कौल दयेकडे झुकतो. आठव्या क्रमांकाच्या शिनोबूलाही त्याने जिवंत सोडले होते; २०१० च्या दुसऱ्या भागात ती त्याची शिष्या म्हणून परतते. तिला पुढचे आयुष्य लाभले. होलीला मात्र आपण कोणासाठी मेलो, हे कधीच कळले नाही.

प्राण मागणाऱ्या नियमाचा खरा दोष हाच. त्याचे पालन पूर्ण होते त्याच क्षणी त्याला जाब विचारणारा माणूस नाहीसा होतो. आणि शुल्क घेणारा मात्र पुढच्या लढतीची जाहिरात करू लागतो.