वाचलेली मिनिटं कोणाची?

नवा लॅपटॉप हातात आला की मी सगळ्यात आधी तीन छोटी सॉफ्टवेअरं टाकतो. पहिलं ‘एव्हरीथिंग’. विंडोज ड्राइव्हवरच्या सगळ्या फायलींच्या नावांची नोंद एका तक्त्यात ठेवत असतंच. हे सॉफ्टवेअर एकेक फोल्डर उघडत न बसता थेट तो तक्ता वाचतं. त्यामुळे नावाची तीन-चार अक्षरं टाइप होईपर्यंत फाइल समोर येते. दुसरं ‘डिट्टो’. कॉपी केलेलं सगळं ते लक्षात ठेवतं, त्यामुळे सकाळी कॉपी केलेला पत्ता दुपारी पुन्हा शोधावा लागत नाही. आणि तिसरं, माझं सगळ्यात लाडकं, ‘ऑटोहॉटकी’.

ऑटोहॉटकीचा जन्मच मजेशीर आहे. ‘ऑटोइट’ नावाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये हॉटकीची सोय असावी, असं ख्रिस मॅलेट या प्रोग्रामरने सुचवलं. प्रतिसाद मिळाला नाही, तेव्हा २००३मध्ये त्याने स्वतःच वेगळं सॉफ्टवेअर लिहून लोकांना फुकट देऊन टाकलं. कीबोर्ड आणि माउसने आपण जे करतो, ते सगळं या सॉफ्टवेअरला शिकवता येतं. चार अक्षरं टाइप केली की पूर्ण पत्ता उमटतो. एक बटण दाबलं की दहा बटणं आपोआप दाबली जातात.

या तिन्हींचं काम एकच, सेकंद वाचवणं. आणि सेकंद वाचवणं ही निखळ चांगली गोष्ट आहे, याबद्दल मला कॉलेजात असताना तिळमात्र शंका नव्हती. पहिल्या नोकरीत ती आली.

पुण्यातली एक छोटी कंपनी. मी सपोर्टला होतो. अकाउंट्सला पन्नाशीच्या एक मॅडम होत्या. पुरवठादारांच्या बिलांचे आकडे एक्सेलमध्ये यायचे आणि मॅडम ते एका जुन्यापुराण्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये भरायच्या. त्यात इम्पोर्टची सोयच नव्हती. कंट्रोल-सी, ऑल्ट-टॅब, कंट्रोल-व्ही, टॅब. एका बिलाला सहा रकाने, दिवसाला सुमारे दीडशे बिलं. अडीच तास जायचे. शेवटी उजवं मनगट दुसऱ्या हाताने दाबत बसायच्या.

मी एका संध्याकाळी चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘थांब’ अशी होती, कारण ते सॉफ्टवेअर इतकं हळू होतं की न थांबता पेस्ट केलं तर आकडा भलत्याच रकान्यात जायचा. दुसऱ्या दिवशी मॅडमनी एफ-नाइन दाबलं आणि खुर्चीत मागे टेकून बघत राहिल्या. एका बिलाला आठ सेकंद. अडीच तासांचं काम वीस मिनिटांत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नारळाच्या वड्यांचा डबा आला. आणि त्याबरोबर एक वाक्य, “साहेबांना सांगू नकोस हं.”

तेव्हा मला हे विनोदी वाटलं. चांगली गोष्ट लपवायची कशाला? मॅडम त्या दोन तासांत काय करायच्या, हे मी पाहत होतो. पुरवठादारांना फोन करून अडकलेली भांडणं सोडवायच्या. चहा गरम असताना प्यायच्या. साडेपाचला निघायच्या, पूर्वी सात वाजायचे.

दोन महिन्यांनी माझा अप्रेझल होता. ‘या वर्षात कंपनीला काय फायदा करून दिला?’ या प्रश्नावर मी फुशारकीने स्क्रिप्ट सांगितली. आकड्यांसकट.

पुढचं पटपट घडलं. आणखी दोन शाखांची बिलं मॅडमकडे आली. त्या शाखांची एंट्री करणाऱ्या कंत्राटी मुलाचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं, ते वाढवलं नाही. मला पगारवाढ मिळाली. मॅडम परत सातला निघू लागल्या.

यात चूक कोणाची, हे ठरवायला मी बरेच दिवस घेतले. साहेबांची बाजू सरळ होती: कंपनी आठ तासांचा पगार देते, त्यातले दोन तास मोकळे झाले तर ते कंपनीचे. मॅडमची बाजूही तितकीच सरळ: मला काम दिलं होतं, ते मी वेळेत आणि बिनचूक करून दिलं, बाकी चौकशी कशाला? पगार वेळेचा की कामाचा, हा प्रश्न स्क्रिप्ट येण्यापूर्वी कोणाला पडलाच नव्हता, कारण तोवर काम आणि वेळ एकमेकांना चिकटलेले होते. माझ्या चाळीस ओळींनी ते वेगळे केले. मग मधल्या फटीत जे सापडलं, ते ज्याच्या हातात अधिकार होता त्याने उचललं.

वेळ वाचवण्याबद्दलची एक गोष्ट आमच्या धंद्यात फार प्रसिद्ध आहे. पहिला मॅकिंटॉश तयार होत असताना तो सुरू व्हायला खूप वेळ घेत असे. स्टीव्ह जॉब्सने इंजिनियरला हिशोब मांडून दाखवला: पन्नास लाख लोक रोज मशीन सुरू करतील, प्रत्येकाचे दहा सेकंद वाचले, तर वर्षाला डझनभर आयुष्यं वाचवल्यासारखं होईल. हा किस्सा त्याच टीममधल्या अँडी हर्ट्झफेल्डने लिहून ठेवला आहे. मी गणित करून पाहिलं. सत्तर वर्षांचं आयुष्य धरलं तर आठेक आयुष्यं भरतात. पण माझी अडचण आठ की बारा ही नाही. दहा सेकंद पन्नास लाख ठिकाणी सांडलेले असतात; त्यातून एकही माणूस एक दिवससुद्धा जास्त जगत नाही. सेकंदांची बेरीज करता येते, पण ती बेरीज खर्च करायला कोणाच्याच हातात येत नाही. याउलट मॅडमचे दोन तास एकाच माणसाचे होते, सलग होते, खर्च करता येण्यासारखे होते. नेमके म्हणूनच ते काढून घेता आले.

मला जॉब्सपेक्षा लॅरी टेस्लर जवळचा वाटतो. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात कट, कॉपी, पेस्टला आजचं रूप देणाऱ्यांपैकी तो एक. म्हणजे मॅडमच्या मनगटदुखीचा आणि माझ्या स्क्रिप्टचा, दोन्हींचा आजोबाच. त्याचं म्हणणं असं, की कामातली गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे नाहीशी करता येत नाही. ती फक्त इकडून तिकडे सरकते. ती कोणी सोसायची, एवढंच आपण ठरवतो. त्याच्या मते ती इंजिनियरने सोसावी, वापरणाऱ्याने नव्हे.

माझ्या स्क्रिप्टने उलट केलं. हाताने भरताना मॅडम प्रत्येक बिल वाचायच्या. तेच बिल दोनदा आलं तर त्यांना लगेच खटकायचं. स्क्रिप्टला काहीच खटकत नाही. आता साडेचारशे बिलं तासाभरात आत जायची आणि चुका शोधायला त्या सातपर्यंत बसायच्या. कंटाळा मी काढून टाकला. जबाबदारी तिथेच राहिली, तीही तिप्पट.

मग स्क्रिप्ट लिहायलाच नको होती का? असं मला वाटत नाही. माणसाने दिवसाला नऊशे वेळा कंट्रोल-व्ही दाबावं, त्यासाठी मनगट झिजवावं, यात कसलंही पुण्य नाही. त्या मुलाची नोकरी टिकावी म्हणून कंटाळवाणं काम जपून ठेवणं, हाही त्याच्यावर फारसा उपकार नव्हे. पण या वाक्याशी मी थांबू शकत नाही, कारण ते म्हणताना माझा पगार वाढलेला होता आणि त्याचा थांबलेला. ‘प्रगतीची किंमत’ हा शब्दप्रयोग बहुतेक वेळा किंमत न मोजलेलाच माणूस वापरतो.

माझ्या लॅपटॉपवर ही सॉफ्टवेअरं निरागस आहेत, कारण तिथे वाचवणारा आणि मिळवणारा मीच. ते सेकंद मी रील्स बघण्यात घालवले तरी उधळपट्टी माझी असते. दुसऱ्याच्या टेबलावर गेल्यावर मात्र त्याच चाळीस ओळींचा अर्थ बदलतो. तिथे वाचलेल्या वेळेला मालक नसतो, आणि बेवारस गोष्ट फार काळ बेवारस राहत नाही.

आता कोणी ‘एवढं ऑटोमेट करून दे’ म्हटलं, तर मी करून देतो. मात्र आधी, ज्याच्या टेबलावर ते चालणार आहे त्याला विचारतो, की वाचलेल्या वेळेचं तुम्ही काय करणार आणि हे कोणाला सांगायचं. दुबार बिलासारखी तपासणी स्क्रिप्टमध्येच घालतो; माझे दोन दिवस जास्त जातात, ते जाऊ देतो. एवढ्याने जग बदलत नाही, हे मला कळतं. त्या मुलाचा तर मला ठावठिकाणाही माहीत नाही.

मी ती कंपनी सोडली तेव्हा मॅडमनी पुन्हा वड्या आणल्या होत्या. राग नव्हता त्यांचा. मीच सॉरी म्हणायला गेलो, तर म्हणाल्या, “अरे, मनगट दुखत नाही आता. तेवढं तर झालं.” मग पर्स उघडून घड्याळ पाहिलं. सव्वासहा वाजले होते. त्या परत स्क्रीनकडे वळल्या.