न मागणाऱ्याची तहान

तहानलेल्यास पाणी द्यावे, हा धर्म आपणांस कोणी शिकवावा लागत नाही. एकनाथमहाराजांनी रामेश्वरास न्यावयाची गंगेची कावड वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो. परंतु त्या गाढवाची तहान उघड दिसत होती. जो तहानलेला असूनही मागत नाही, उलट आपले काम अधिकच उत्साहाने करीत राहतो, त्याच्याविषयी आपले कर्तव्य काय?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नव्हे. ग्वाल्हेरनजीक टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वान-प्रशिक्षण केंद्र १९७० सालापासून आहे. स्फोटके हुंगून शोधणे, माग काढणे अशी कामे तेथे कुत्र्यांस शिकवितात. ग्वाल्हेरचा ज्येष्ठ कसा असतो, हे तिकडील वाचकांस सांगणे नलगे. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मनुष्य घामाने निवतो. कुत्र्यास घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांस, आणि तेवढ्याने अंग निवत नाही. त्याचा सारा भार धापेवर. जीभ, तोंड व नाक यांतील ओलावा उडून शरीर थंड होते; म्हणजे प्रत्येक धापेबरोबर पाणी खर्च होते. निरोगी कुत्र्याचे शरीरमान सुमारे ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ च्या वर गेले की प्राणावर बेतते. शिवाय धापणाऱ्या कुत्र्यास नीट हुंगता येत नाही. ज्या विद्येसाठी त्यास राबवावयाचे, ती विद्याच उन्हात आधी लोपते.

तरीही तो थांबत नाही. धन्याच्या शाबासकीच्या ओढीने त्यास तहानेचे भान राहत नाही. म्हणून जाणता शिक्षक सराव पहाटेच उरकतो, जमिनीवर पालथा हात ठेवून चटका पाहतो, मधूनमधून सावलीत थांबवून थोडे थोडे पाणी पाजतो. हिरड्या चिकट झाल्या काय, चिमटीत धरलेली कातडी सोडताच पूर्ववत होते काय, हेही तो तपासतो.

कोणी म्हणेल, उन्हात काम पडणारच, तर कष्टांची सवय नको काय? अवश्य हवी. उन्हाची सवय हळूहळू लावता येते. पाण्यावाचून राहण्याची सवय मात्र कोणत्याही देहास लागत नाही.

दुसरा म्हणेल, ही तर भूतदया झाली. मला तो शब्द अपुरा वाटतो. दया आपल्या मर्जीवर असते. देणे मात्र चुकवावेच लागते. ज्याची इच्छा आपण आपल्या आज्ञेस जोडून घेतली, त्याच्या वतीने 'आता थांब' म्हणण्याची जबाबदारीही आपण घेतलेली असते. त्याची आज्ञाधारकता जितकी अधिक, तितके आपले देणे अधिक.

महाभारताच्या अखेरीस धर्मराजाने कुत्र्यास सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारले, हे सर्वांस ठाऊक आहे. आरंभीची सरमेची कथा मात्र क्वचितच आठवते. जनमेजयाच्या यज्ञात तिच्या निरपराध पिल्लास मार बसला, तेव्हा तिने राजकुळास जाब विचारला. प्रत्येक मुक्या जीवामागे अशी सरमा उभी नसते. तो जाब आपला आपणच विचारावयाचा असतो.

हा विचार कुत्र्यांपुरताच राहू नये. उत्सवाच्या मांडवात सकाळपासून राबणारा गडी विचारल्यावर हसून 'काही नको' म्हणतो. त्यास विचारू नये. पाण्याचा तांब्या आधी पुढे करावा.