उपचाराचे फळ आणि कर्माची कसोटी

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी दुर्बळ होऊन तेथे फुगा आला, तर त्यास धमनीविस्फार किंवा ॲन्युरिझम म्हणतात. हा फुगा फुटला की मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरते. पुढे फुग्याचे तोंड वेळीच बंद केले तरी धोका सरत नाही, कारण नंतरच्या सुमारे दोन आठवड्यांत धमन्या आकुंचन पावून मेंदूच्या शाबूत भागाचाही रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणजे उपचार निर्दोष असूनही रुग्ण दगावतो किंवा परावलंबी होतो, असे घडते; आणि मग कर्माचे मोल फळावरून ठरवावे काय, हा जुना प्रश्न रुग्णालयातच उभा राहतो.

लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या प्रश्नाचा सविस्तर विचार केला आहे. फलाशा सोडणे म्हणजे फळाचा विचार न करता आंधळेपणाने कर्म करणे नव्हे. फळ मिळालेच पाहिजे ही आसक्ती तेवढी सोडायची, असे त्यांच्या प्रतिपादनाचे तात्पर्य आहे. वैद्यकात या भेदाला फार महत्त्व आहे. फुटलेल्या धमनीविस्फारावर कवटी उघडून चिमटा बसवावा, की मांडीच्या धमनीतून नलिका नेऊन फुग्यात धातूची वेटोळी भरावीत, हे ठरवण्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही उपाय शक्य असलेल्या २,१४३ रुग्णांत वर्षअखेर मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण वेटोळ्यांच्या गटात २३.७ टक्के, तर चिमट्याच्या गटात ३०.६ टक्के आढळले. शल्यविशारदांनी फळ मोजलेच नसते, तर हा फरक कळला नसता. म्हणून फळाची प्रामाणिक नोंद ही आसक्ती नसून कर्तव्याचाच भाग ठरते.

परंतु मोजमापालाही मर्यादा आहे. १९७५ साली ग्लासगो येथे जेनेट आणि बाँड यांनी मांडलेल्या परिणामश्रेणीत मृत्यू, दीर्घकाळ जाणीवरहित अवस्था, तीव्र अपंगत्व, मध्यम अपंगत्व आणि चांगली सुधारणा अशा पाच पायऱ्या आहेत; तथापि सर्वांत वरच्या पायरीवरील माणसालाही विस्मरण आणि थकवा छळत असू शकतो, आणि खालच्या पायरीवरील माणसाप्रती असलेले कर्तव्य तेथे संपत नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या मेंदूला धमनीविस्फारामुळे नव्हे, तर १९७३ साली झालेल्या अमानुष हल्ल्यात गळा आवळला गेल्यामुळे इजा झाली होती. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, चार दशकांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांचे जीवनरक्षक उपाय थांबवावेत की नाही, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निर्णय देताना या परिचारिकांची इच्छा निर्णायक मानली. इतके दीर्घ जगणे त्यांच्या हिताचे होते काय, याविषयी विचारवंतांत प्रामाणिक मतभेद आहेत; मात्र सुधारणेची आशा मावळल्यावरही टिकलेली ती शुश्रूषा निष्काम कर्म होती, याबद्दल मतभेद संभवत नाही.

तात्पर्य, परिणामश्रेणीतील अंक उपचारपद्धतीची परीक्षा करतो. त्याने माणसाची किंमत ठरत नाही, आणि त्याची सेवा करणाऱ्याच्या कर्माची तर नाहीच नाही.