आजाराचा वस्वसा



इशाच्या नमाजनंतर मशीद रिकामी होऊ लागली की कधी कधी एखादा माणूस मागच्या सफमध्ये बसून राहतो. त्याला काही विचारायचे असते, पण चारचौघांत नको असते. गेल्या हिवाळ्यात असाच एक तरुण थांबला. वय पंचविशीचे, अंगाने धडधाकट. म्हणाला, "मौलाना, नमाजमध्ये मला माझ्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. सज्द्यात गेलो की तेच मोजत बसतो. किती रकअती झाल्या तेही आठवत नाही." मी विचारले, "डॉक्टरांना दाखवलेस का?" दाखवले होते; एकदा नव्हे, तीनदा, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना. ईसीजी झाला, रक्त तपासले, सर्व ठीक निघाले. "मग?" "मग रात्री मोबाईलवर पाहिले. तिथे लिहिले होते, काही वेळा ईसीजीमध्ये दिसत नाही."

हे वाक्य खोटे नाही, हीच त्यातली अडचण आहे. मोबाईलवर डोकेदुखी शोधा. अपुरी झोप, चष्म्याचा नंबर आणि मेंदूतली गाठ एकाच यादीत, एकाच आकाराच्या अक्षरांत समोर येतात. यादीला तुमचे वय ठाऊक नसते. तिने तुमची नाडी पाहिलेली नसते, काल रात्री तुम्ही किती वाजता झोपलात हे विचारलेले नसते. नेहमी घडणारे आणि क्वचित घडणारे यांतला फरक करणे हेच वैद्याचे अर्धे काम, आणि तेच तिथे होत नाही. शिवाय भीती स्वतःच शरीरात उतरते. छाती धडधडते, श्वास जलद होतो, बोटांना मुंग्या येतात. मग माणूस या मुंग्याही शोधायला घेतो.

कुरआनची शेवटची सूरह, अन्-नास, आपल्या घरातील लहान मुलांनाही पाठ असते. तिच्यात ज्याच्या उपद्रवापासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे, त्याचे वर्णन दोन शब्दांत आहे: वस्वसा घालणारा आणि खन्नास. खन्नास म्हणजे मागे सरकणारा, दडून बसणारा. तो कुजबुजतो, माघार घेतो, पुन्हा येतो. माणूस मात्र रात्री दोन वाजता अंथरुणात एकटा जागा राहतो. मराठीच्या पदवी वर्गात 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण शिकलो, तेव्हा मला मदरशातला या सूरहचा धडाच आठवला होता.

वस्वशाबाबत आपल्या धर्मशास्त्राने एक मोठा आधार दिला आहे आणि तो आपण वुजूच्या प्रकरणात शिकतो. एका माणसाची तक्रार प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे आली: नमाजमध्ये त्याला पोटात काहीतरी झाल्यासारखे वाटे आणि वुजू तुटला की काय, अशी शंका येई. प्रेषितांनी (स.) सांगितले की आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत त्याने नमाज सोडू नये. याच्याच आधारे फुकहांनी नियम मांडला की जे खात्रीने सिद्ध आहे, ते केवळ शंकेने नाहीसे होत नाही. मी त्या तरुणाला म्हणालो, "तुझ्या तीन तपासण्या हा तुझा वुजू आहे. मोबाईलवरचे 'काही वेळा' ही शंका आहे. शंकेने वुजू तुटत नाही."

मात्र याच हदीसची दुसरी बाजू विसरू नका. आवाज आला, वास आला, तर नमाज सोडून उठायचेच असते. लक्षण खरोखर समोर आले, छातीत कळ येऊन घाम फुटला, गाठ हाताला लागली, रक्त पडले, तर ती शंका उरली नाही. आमच्याच मोहल्ल्यातील एका वयस्क भगिनीने छातीतली गाठ कित्येक महिने अंगावर काढली. ती रोज रात्री मोबाईलवर उपचारांचे व्हिडिओ पाहत असे, कलौंजी घेत असे आणि घरात याला तवक्कुल म्हणत असे. दवाखान्याचे नाव काढले की तिला कापरे भरे. उशिरा का होईना ती गेली, उपचार सुरू झाले. अल्लाह तिला शिफा देवो. वरवर ती त्या तरुणाच्या अगदी उलट वागत होती, पण माझ्या मते दोघांचा आजार एकच. विचारायचे ज्याला, त्याचे ऐकायचे नाही. आणि ऐकायचे त्याचे, ज्याला काही विचारताच येत नाही.

अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला जखम झाली. पुढे त्याला स्नानाची गरज पडली. तयम्मुम चालेल का, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध आहे म्हणून त्यांनी नाही म्हटले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते अत्यंत संतापले, ठाऊक नव्हते तर विचारायचे होते, कारण अज्ञानावरचा उपाय विचारणे हाच आहे, असे त्यांनी बजावले. आणि विचारायचे कोणाला? हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि त्यांना सकीफ कबिल्यातील हारिस बिन कलदा या वैद्याकडे जायला सांगितले. ज्यांच्या दुआपेक्षा मोठी दुआ नाही, त्यांनीच आपल्या सोबत्याला वैद्याकडे धाडले.

इथे घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती. अशा मुलाला 'तुझे ईमान कमजोर आहे' असे म्हणू नका. वस्वशांची तक्रार सहाबांनीही केली होती आणि प्रेषितांनी (स.) त्यांना ईमानहीन ठरवले नाही. इसवी सन 934 मध्ये निधन पावलेले विद्वान अबू जैद अल्-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. त्यात वस्वशांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि अशा माणसाने एकटे राहू नये असा सल्ला आहे. हजार वर्षांपूर्वी आपल्या विद्वानांना जे लिहिताना संकोच वाटला नाही, ते मानसोपचारतज्ज्ञापुढे बोलताना आपल्याला का वाटावा? भीती आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर तिकडेही जावे.

त्या तरुणाला मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, तिघांपैकी एक डॉक्टर पक्का कर आणि जे विचारायचे ते त्यालाच विचार. दुसरी, मोबाईल रात्री स्वयंपाकघरात ठेव. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) झोपण्यापूर्वी दोन्ही तळहात जोडून शेवटच्या तीन सूरह पठण करीत, हातांवर फुंकर घालीत आणि ते सर्वांगावरून फिरवीत. त्या वेळी आपले हात कशात गुंतलेले असतात ते पाहा: एका हातात मोबाईल, दुसरा गळ्याखाली गाठ चाचपडणारा.

रमजानच्या सुमारास तो पुन्हा थांबला. ठोके अजून मोजतो, पण कमी, असे म्हणाला. या वेळी त्याचा प्रश्न मसअल्याचा होता: त्या दिवसांतल्या नमाजा पुन्हा अदा कराव्या लागतील का, कारण आता वाटते की रकअती चुकल्या असाव्यात. मी सांगितले, नमाज पूर्ण झाल्यानंतर येणाऱ्या शंकेची दखल घ्यायची नसते. त्या नमाजा झाल्या. तो थोडा वेळ बसला, मग उठून चपला शोधू लागला.