अनुसरण आणि अर्थनिर्णयन

मराठी वैचारिक लेखनात ‘मुल्ला-मौलवी’ हा जोडशब्द इतका रुळला आहे, की आलिम हा मुळात संहितेचा वाचक असतो याचे भान राहत नाही. संहिताभ्यासकांना तरी हे शोभत नाही.

दक्षिण आशियातील बहुसंख्य उलेमा हनफी विधिपरंपरेचे. ‘तकलीद’, म्हणजे पूर्वसूरींच्या निर्णयांचे अनुसरण, हे त्यांचे स्वीकृत बंधन. परंतु त्या अनुसरणातूनच अन्याय घडू लागला, तर विद्वानाची निष्ठा कोणाशी?

हा प्रश्न मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांच्यापुढे अमूर्त रूपात आला नाही. हनफी मतानुसार बेपत्ता पतीची पत्नी, त्याचे समवयस्क हयात असण्याची शक्यता संपेपर्यंत, विवाहबद्धच राहते. उदरनिर्वाह न करणाऱ्या पतीपासूनही तिची सुटका दुष्कर. धर्मत्यागाने मात्र विवाह संपुष्टात येई. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत, विशेषतः पंजाबात, काही स्त्रियांनी हीच वाट धरली. नियमाचे हे वाचन या स्त्रियांनी केले होते, विद्वानांनी नव्हे.

१९३०च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या ‘अल्-हीलतुन् नाजिझा’ या ग्रंथात थानवींनी मालिकी मताचा आधार घेतला. बेपत्ता पतीसाठी चार वर्षांची प्रतीक्षा पुरेशी ठरली. मुस्लिम न्यायाधीश नसेल तेथे धर्मनिष्ठ मुस्लिमांच्या पंचायतीला निवाड्याचा अधिकार मिळाला. मात्र त्याच ग्रंथाने धर्मत्यागाने पत्नीचा विवाह संपतो हे मत नाकारले. एक दार उघडताना दुसरे बंद केले गेले. यामागे करुणा होती की समाजाची सीमा राखण्याची चिंता? दोन्ही होत्या, असे म्हणणे भाग आहे. आणि सीमेची चिंता नसती तर करुणेला वाचा फुटली असती काय, ही शंका उरतेच.

१९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात या दोन्ही बाजू उतरल्या. न्यायाधीश मुस्लिमच असावा, हा उलेमांचा आग्रह मात्र त्यात टिकला नाही. परिणामी बिगरमुस्लिम न्यायाधीशाने मुक्त केलेली स्त्री न्यायालयाच्या दप्तरी स्वतंत्र, तर मुफ्तीच्या दृष्टीने विवाहिताच, अशी अवस्था संभवू लागली. तिने पुन्हा विवाह करावयाचा झाल्यास कोणते वाचन प्रमाण मानावे, याचे उत्तर कायद्याने आपल्यापुरते दिले; फतव्याने आपल्यापुरते.