रान विकण्याआधी

दौंड

चि. सागर,

न्हावऱ्याच्या रस्त्याकडचं रान विकून खुब्यात ‘स्टेम सेल’ घालून घेणार आहेस, असं वहिनींकडून कळलं. एवढ्यात इसार घेऊ नकोस.

उपचार खोटा नाही. जन्म वॉर्डात गेला माझा, उगाच नाही म्हणणार नाही. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचं रक्त तुटलं की आतलं हाड मरतं आणि अंगाच्या भाराने खचतं. म्हणून गोळ्यापर्यंत भोक पाडून दाब उतरवतात आणि कमरेच्या हाडातला मगज काढून, त्यातल्या पेशी दाट करून तिथे सोडतात. फ्रान्सच्या डॉ. फिलिप एर्निगूंनी २००२ साली याचा हिशेब मांडला. गोळा खचण्याआधी उपचार केलेल्या १४५ खुब्यांपैकी पुढे ९ बदलावे लागले. खचल्यावर केलेल्या ४४ पैकी २५! हा उपचार तुझ्या गळ्यात मारणाऱ्या एजंटाने तुझा गोळा खचलाय का, हे तरी विचारलं का? सुरुवातीचा आजार एक्स-रेत दिसत नाही. एमआरआय कर, आणि दोन्ही खुब्यांचा कर. दुसरी बाजू पुष्कळदा न दुखताच बिघडलेली असते.

खचला असेल तर पेशींवर रुपया घालू नकोस. सांधा बदलायचं बघू. महात्मा फुले योजनेत बसतं का, ससूनला विचारू.

नसेल खचला, तर पेशी कुणाच्या, नुसत्या दाट केलेल्या की प्रयोगशाळेत वाढवलेल्या, हे विचार. वाढवलेल्या पेशी कायद्याने औषधात मोडतात. रुग्णाच्याच मगजातून वाढवलेल्या, हाड घडवणाऱ्या पेशींना औषध महानियंत्रकांनी २०१७ मध्ये याच आजारासाठी परवानगी दिली आहे. तसा कागद माग. ‘प्रयोग चालू आहे’ म्हणाले, तर आयसीएमआरच्या नियमांप्रमाणे रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

दम्यासाठी दुकानातून परस्पर आणतोस त्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम सोडू नकोस, जिवावर बेतेल. डॉक्टरांना विचारून उतरव. पगाराच्या दिवशीच्या रांजणगावच्या दारूच्या बैठका मात्र आजपासून बंद. हाड मरायला दोन्ही कारणं पुरेशी आहेत. आणि डावा खुबा दुखतो तर काठी उजव्या हातात धरायची. तुझ्या फोटोत ती डाव्या हातात दिसली.

एमआरआयची फिल्म घेऊन शनिवारी ये. गिऱ्हाईक फारच मागे लागलं तर सांग, सातबाऱ्यावर आत्याचंही नाव आहे. आहेच.

तुझी,
आत्या