वॉरंटी कशाची?

फ्रिजची वॉरंटी संपली म्हणून कोणी नवा फ्रिज आणत नाही. कार्ड कपाटात पडून राहतं, फ्रिज चालत राहतो. एखाद्या मे महिन्यात तो बंद पडलाच तर दूध नासतं, कोपऱ्यावरचा मेकॅनिक येतो, भागतं. इन्सुलिन पंपाच्या बाबतीत हे साधं शहाणपण चालेनासं होतं. पंप थांबला आणि वेळेवर लक्षात आलं नाही, तर टाइप वन मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्तात काही तासांतच किटोन साठू लागतात, आणि पुढची पायरी थेट इस्पितळाची असते.

असं का, हे आधी समजून घ्यायला हवं. पेनाने इन्सुलिन घेणारा माणूस सहसा रोज दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचं एक इंजेक्शन घेतो. त्याचा साठा त्वचेखाली हळूहळू झिरपत राहतो. पंपात असा साठा नसतोच. तिथे फक्त जलद काम करणारं इन्सुलिन असतं. मोटर ते चोवीस तास थेंबाच्याही अंशाने आत ढकलते, त्याला बेसल म्हणतात. जेवणाआधी बटण दाबून घ्यायचा तो बोलस. स्वादुपिंडाची ही नक्कल जितकी चांगली जमते तितकी शरीराची मागची शिल्लक कमी होते. मोटर थांबली की दोन-चार तासांत अंगात इन्सुलिन जवळजवळ उरत नाही.

आता तारखेकडे येऊ. पंपाला सहसा चार वर्षांची वॉरंटी मिळते. अमेरिकेत या तारखेभोवती एक अख्खी व्यवस्था उभी आहे. मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेली तिथली सरकारी विमा योजना, मेडिकेअर, पंपाचं उपयुक्त आयुष्य पाच वर्षं धरते. खासगी विमा कंपन्या बहुधा वॉरंटी संपल्यावरच नव्या पंपाचा विचार करतात. त्यामुळे तिथला पंप वापरणारा या तारखेची वाट बघत असतो. नवं मॉडेल हाती पडण्याची शक्यता तेव्हा कुठे तयार होते. आपल्याकडे बहुतेक कुटुंबं पंपासाठी स्वतःच्या खिशातून काही लाख रुपये मोजतात. ॲडमिट झाल्यावर पैसे देणाऱ्या आपल्या नेहमीच्या मेडिक्लेममध्ये कमरेला लावायच्या यंत्राला सहसा जागा नसते. तीच तारीख तिकडे हक्काची, इकडे बिलाची. तिकडच्या सवयीने इकडे निर्णय घ्यायला गेलं की गोंधळ होतो.

वॉरंटी संपायला थोडे दिवस राहिले की पंप विकणाऱ्यांचा फोन येतो. मुलीच्या पंपासाठी आम्हालाही आला. 'सर, मुलीच्या तब्येतीशी रिस्क नको. आत्ता एक्स्चेंज ऑफर आहे.' बोलणं आर्जवी होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण रिस्क नेमकी कोणती, हे त्यात नव्हतं.

वॉरंटी संपते त्या मध्यरात्री यंत्रात काहीही बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की कालपर्यंत बिघाडाचा आर्थिक भार कंपनीवर होता, आजपासून तो घरावर आला. पण पंप बिघडला की दोन गोष्टी घडतात. एक, नव्या यंत्राचे पैसे उभे करावे लागतात. दोन, नवं यंत्र हाती येईपर्यंतचे तास किंवा दिवस निभवावे लागतात. वॉरंटी फक्त पहिलीची काळजी घेते. दुसरी पहिल्या दिवसापासून घराचीच असते. वॉरंटीतला पंप शनिवारी रात्री बंद पडला तर बदली पंप कुरिअरने येईल, पण ती रात्र कुरिअरने येत नाही. पंप बदलून सुरक्षितता विकत घेतो आहोत असं ज्यांना वाटतं, त्यांची गल्लत इथे होते.

नवेपणा म्हणजे निर्धोकपणा नव्हे, याचे दाखले जगजाहीर आहेत. मेडट्रॉनिकच्या ६०० मालिकेतल्या पंपांत इन्सुलिनची नळकांडी जागेवर धरून ठेवणारी एक पारदर्शक रिंग होती. ती तुटली तर इन्सुलिन कमी किंवा जास्त जाण्याचा धोका होता. २०१९ मध्ये कंपनीला ग्राहकांना सावध करावं लागलं, आणि २०२१ मध्ये वॉरंटी असो वा नसो, अशी रिंग असलेले पंप काळ्या रिंगच्या पंपांनी फुकट बदलून देण्याचं तिने जाहीर केलं. वॉरंटीपलीकडची जबाबदारी कंपनी घेऊ शकते, हेही त्यातून दिसलं. दुसरा दाखला ॲनिमसचा. जॉन्सन अँड जॉन्सनने २०१७ मध्ये हा पंप व्यवसाय गुंडाळायचं ठरवलं. पंप उत्तम चालत होते, पण नळकांड्या आणि त्वचेखाली बसवायच्या कॅन्युला किती दिवस मिळणार, हे कंपनीच्या हातात गेलं. दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं सामान मिळेनासं झालं की वॉरंटीचं कार्ड हे नुसतं कार्ड उरतं.

याच्या नेमकी उलटी गोष्टही घडली. डॅना लुईस आणि स्कॉट लीब्रँड या जोडप्याने साखर मोजणारा सेन्सर आणि पंप एकमेकांशी बोलतील अशी घरगुती व्यवस्था बांधली आणि २०१५ मध्ये 'ओपन-एपीएस' नावाने ती सगळ्यांसाठी खुली केली. ती चालायची ती काही ठरावीक जुन्या पंपांवर, कारण त्यांना बाहेरून रेडिओने आज्ञा देता येत. कंपनीच्या दृष्टीने ती सुरक्षेतली फट होती, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये तसा इशाराही दिला. वापरणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तीच फट म्हणजे शांत झोप होती. वॉरंटी कधीच संपलेल्या त्या पंपांना या मंडळींत मोठी मागणी आली. यंत्राची किंमत ते आपल्यासाठी काय करतं यावर ठरते, त्याच्या जन्मतारखेवर नाही.

मग पंप बदलायचा कधी? मला तीन कारणं पटतात. पहिलं, यंत्राचं शरीर थकलं तर: बॅटरीच्या झाकणापाशी केसासारखा तडा, दोनदा दाबल्याशिवाय न उमटणारं बटण, कॅन्युलाचा सेट बदलूनही पुन्हा पुन्हा वाजणारा 'नो डिलिव्हरी'चा अलार्म. तडा गेला की पाणी आत जायची वाट मोकळी झाली, पावसाळ्यात तर विशेष. दुसरं, सामान मिळणं बंद होणार असेल तर. तिसरं, नवा पंप उपचारच बदलणार असेल तर. सेन्सर पाहून बेसल आपोआप कमी-जास्त करणारे पंप आता भारतातही मिळतात, आणि रात्री दोनला अलार्मने उठणाऱ्या आईबापांना त्यांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. साखर नीट राखली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात, हे अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाने १९९३ मध्येच दाखवून दिलं. तेव्हा या कारणासाठी पैसे घालणं ही चैन नाही. फक्त तेच कारण सांगावं, तारखेचं नाव पुढे करू नये.

पैशाचा हिशेबही सरळ करता येतो. समजा पंप पाच लाखांचा. चार वर्षांनी बदलला तर त्याचा महिन्याचा खर्च दहा हजार चारशेच्या आसपास, सात वर्षं चालला तर सहा हजारांच्या आत. सामान आणि सेन्सर वेगळे. मधली तीन वर्षं तो फरक रिकरिंगमध्ये टाकला, तर पंप गेला त्या दिवशी निदान मोठा हप्ता हाताशी असतो. एक्स्चेंजमध्ये जुना पंप परत मागतात का, हेही विचारून घ्यावं. चालू स्थितीतला जुना पंप डॉक्टरांच्या सल्ल्याने घरात राखीव राहू शकतो, आणि राखीव पंपाचं मोल ऑफरमधल्या सवलतीहून जास्त असू शकतं.

पंप बंद पडेल त्या रात्रीची तयारी मात्र पैशाने होत नाही, शिस्तीने होते. आमची मुलगी हॉस्टेलवर राहते. पंप तिच्या कमरेला, कार्ड माझ्या कपाटात. तेव्हा निर्णय कोणाचा, हा वाद घरात झालाच. ती म्हणाली, 'बाबा, नवा पंप नको, रूममेटला किटोन तपासायला शिकवू या.' तिच्या मिनी फ्रिजमध्ये आता दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचं पेन असतं, आणि पंप बंद पडल्यास किती युनिट घ्यायची ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे. बेसलचे दर, कार्बचं गुणोत्तर, सगळ्या सेटिंग्जचे फोटो तिच्याकडेही आहेत आणि माझ्याकडेही. आणखी एक गोष्ट भारतात फार महत्त्वाची. पंपातलं इन्सुलिन यू-१०० असतं, आणि गल्लीतल्या मेडिकलमध्ये चटकन हाती पडते ती लाल टोपणाची यू-४० सिरिंज. घाईत त्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात २५ युनिट जातात. म्हणून नारिंगी टोपणाच्या सिरिंजा तिच्या कप्प्यात वेगळ्या ठेवल्या आहेत. हे सगळं मिळून नव्या पंपाच्या किमतीच्या एका टक्क्याचंही नाही. आणि हे नवा पंप घेतला असता तरी करावंच लागलं असतं.

तरीही सगळं घराच्या शहाणपणावर सोडून मोकळं होणं मला मान्य नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टु रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं आली. माणूस ज्यावर जगतो ते यंत्र त्या चार विभागांत नाही. ट्रॅक्टरवाल्याला जी माहिती मागता येते, सुटे भाग किती वर्षं मिळतील, दुरुस्ती कोण करेल, ती पंप वापरणाऱ्यालाही विकत घेतानाच लेखी मिळायला हवी. वॉरंटीनंतर माफक शुल्कात तपासणी व्हावी, बिघाड झाल्यास काही दिवसांसाठी भाड्याने पंप मिळावा, एवढं जरी झालं तरी कितीतरी घरांना तारखेची धास्ती राहणार नाही. ज्यांना पंप परवडतो त्यांचीच ही गोष्ट आहे हे खरं, पण परवडणारे आणि न परवडणारे यांच्यातली सीमा दर चार वर्षांनी नव्याने आखली जाते, आणि दर वेळी काही जण ती ओलांडून पुन्हा सिरिंजवर येतात.

आम्ही पंप बदलला नाही. तडा दिसला किंवा सामान बंद होण्याची बातमी आली, तर उद्याही बदलू. त्यासाठी वॉरंटीचं कार्ड बघायची गरज पडणार नाही.